श्वासाच्या खुणा

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. भाऊजींना दोन सलाम, कारण ते रागावलेले आहेत आणि एक त्यांना पुरायचा नाही. तुझा डावा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलंय आणि तू दर गुरुवारी लाँड्रीच्या माळ्यावर तालमीला चढतेसच, हे मला कोणी सांगायला नको. निदान कठडा धरून चढत जा. (तिसरी पायरी हलते. ती ठोकून द्यायचं मी कबूल केलं होतं, ते राहिलं. त्याबद्दल माफी मागायची आहे, पण माफी मागण्यासारख्या गोष्टी इतक्या साठल्यात की पायरीचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही.) इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

चार गल्ल्या सोडून राहतोस आणि पत्र कसलं लिहितोस, असं तू म्हणशील. पण फोन भाऊजी उचलतात. उचलतात आणि नुसतं ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’वर मी दोनदा फोन ठेवून दिलाय. प्रत्यक्ष यावं तर खाली लाँड्रीत ते इस्त्री हातात घेऊन उभे असतात. तेव्हा पत्रच बरं.

मी आपला गाण्याचा गट का सोडला हे तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं, पण खरं कारण मी कोणालाच सांगितलेलं नाही. ते दातांचे डॉक्टर आहेत ना, चर्चमध्ये उपासनेला नेहमी भिंतीकडच्या बाकावर बसणारे? त्यांनी एका रविवारी दारात माझा हात धरला आणि सांगितलं की चौघांत आवाज म्हणजे तुमचाच, बाकीचे फक्त साथीला, तुम्ही एकट्याने गायला हवं. ताई, माझ्या डोक्यात हवा गेली. एकोणीस वर्षं तू चाल गातेस, शाळेच्या क्लार्कबाई मधला आवाज लावतात, भाऊजी त्याखालचा आणि मी सगळ्यात खाली, बेस. एकोणीस वर्षांत कोणी माझा हात धरला नव्हता. (क्लार्कबाईंनी एकदा धरला होता, पण तेव्हा मी त्यांच्या पर्सवर उभा होतो.) आता कळलंय ते असं, की भिंतीकडच्या त्या स्पीकरला फक्त माझाच माइक जोडलेला होता. माझा आवाज मागे पोचत नाही म्हणून भाऊजींनीच तो जोडून घेतला होता. म्हणजे डॉक्टरांनी इतकी वर्षं तुम्हा तिघांना धड ऐकलेलंच नाही. हे मला कळलं तेव्हा माझ्या एकट्याच्या कार्यक्रमाची पोस्टरं लागून गेली होती.

त्या गुरुवारी मी माळ्यावर काय काय बोललो ते मला पाठ आहे, तुलाही असेलच. माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही, तुमच्यावाचून माझंही अडणार नाही, वगैरे. क्लार्कबाई हँगर मोजायला लागल्या. तू खिडकीकडे बघत बसलीस. भाऊजींनी एवढंच विचारलं, “एकटा गाणार, तर श्वास कुठे घेशील?” मला वाटलं, जळतायत. मी वही काखेत मारली आणि ताडताड जिना उतरलो. (तिसऱ्या पायरीवर पडता पडता वाचलो. हे तेव्हा सांगायला लाज वाटली.)

पोस्टरची गोष्ट ऐक. माझा एकट्याचा एकही फोटो निघेना. फोटोवाल्याने आपल्या चौघांचा फोटो घेऊन तुम्हा तिघांना कापून काढलं. पण तू माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास, तो काढला तर खांदाही जायला लागला, म्हणून त्याने हात तसाच ठेवला. पोस्टरवर मी एकटा, आणि खांद्यावर बांगडी घातलेला एक हात. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला अडखळतात, पण पोस्टरवरचा हात सगळ्यांना लख्ख दिसतो. कोणाचा हो, म्हणून विचारतात. बहिणीचा, म्हणतो. मग त्या कुठे असतात, असं विचारतात. मग मी चष्मे पुसायला घेतो.

कार्यक्रम पलीकडच्या चर्चच्या मंडळीच्या हॉलमध्ये होता, शनिवारी संध्याकाळी पाचला. एकतीस माणसं होती, त्यांतली नऊ खुर्च्या मांडणारी. मी मुद्दाम सगळ्यांना येणारं गीत निवडलं, आपण दर महिन्याला गातो ते. डोळे मिटले, सुरुवात केली. लोकांनी साथ द्यायला तोंडं उघडली आणि तशीच ठेवली. ताई, तुझी शपथ, दुसऱ्या ओळीपर्यंत माझ्याही लक्षात आलं नाही की मी बेस गातोय. मला चाल येतच नाही! एकोणीस वर्षं ती माझ्या डोक्यावरून गेली, दर वेळी ऐकली, पण ती तुझी होती, मी कधी तोंडात घेतलीच नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंना माझी दया आली आणि त्या हळूच खरी चाल गायला लागल्या. त्यांच्या आधारावर मी छान गायलो. त्या खोकायला थांबल्या की मीही थांबायचो.

पुढे क्लार्कबाईंचे आठ ठोके आले, जिथे त्या एकट्या गातात. मी सवयीने गप्प उभा राहिलो, मान खाली, डोळे मिटलेले. आठ झाले, सोळा झाले, मी आपला त्यांची वाट बघतोय. लोकांना वाटलं प्रार्थना आहे, सगळे उठून उभे राहिले. शेवटी तिथल्या पाळकांनी ‘आमेन’ म्हणून मला सोडवलं. नंतर त्यांनी नवी चाल बांधल्याबद्दल माझे जाहीर आभार मानले आणि ती मंडळीला जरा अवघड जाईल अशी काळजीही व्यक्त केली.

पण सगळ्यात मोठी फजिती श्वासाची. भाऊजी आपल्या वह्यांत पेन्सिलीने खुणा करतात, कोणी कुठे श्वास घ्यायचा त्याच्या, म्हणजे एक घेत असला की बाकीचे सूर धरून ठेवतात आणि ऐकणाऱ्याला कधी खंड जाणवत नाही. माझ्या खुणा लाल. त्या शब्दांच्या पार मध्ये येतात, कारण वर तुम्ही असता. हॉलमध्ये वर कोणी नव्हतं. प्रत्येक शब्द मधोमध तुटला. आजीबाई दर वेळी दचकल्या. घरी येऊन मी चाल शिकायला बसलो, तर तुझी भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, “गाताय की कपाट सरकवताय?” त्या दिवसापासून कामापुरतं बोलणं सुरू आहे.

ताई, चुकलो मी. भाऊजींचा प्रश्न साधा होता, कामाचा होता, आणि मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्या माळ्यावरचा वाफेचा वास, तुझं घसा खाकरणं, क्लार्कबाईंच्या खोकल्याच्या गोळ्या, सगळ्याची आठवण येते. दुसरं कोणी माझ्या जागी घेतलं असेल तर मला विचारायचा हक्क नाही. घेतलंय का?

तुझा,
धाकटा

ता. क. पोस्टरं काढून टाकली. एक ठेवलंय. अर्धं कापून, फक्त खांदा आणि हात असलेलं.

ता. क. दुसरा. खरी गोष्ट आता लिहितो, वर धीर झाला नाही. गेल्या रविवारी मी सकाळच्या उपासनेला आलो होतो. मागे, खांबाआड बसलो. तुम्ही तिघांनी तेच गीत घेतलं. दुसऱ्या कडव्यात तो लांबलेला सूर आहे ना, तिथे तुम्ही तिघं एकदम श्वास घेता आणि मी एकटा धरून ठेवतो. माझ्या वहीत तिथे भाऊजींनी लाल वर्तुळ केलंय, म्हणजे छाती फुटली तरी इथे श्वास घ्यायचा नाही. तुम्ही तिघांनी श्वास घेतला आणि चर्चमध्ये एकदम शांत झालं. एकच ठोका. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. पण जो माणूस आठवड्यातून दोनदा खुणा खोडून नव्या करतो, त्याने चार महिन्यांत हे भोक बुजवलं नाही? शेवटच्या कडव्यात ती जागा परत आली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. खांबाआडून मी सूर धरला. माझ्या पुढच्याच बाकावरचे दातांचे डॉक्टर मागे वळले आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसवलं. पण भाऊजी मांडीवर ठेका धरतात तो हात थांबलेला मी पाहिला. तेव्हा एवढंच विचारून कळव. ती जागा दुरुस्त करायची राहून गेली, की ठेवलीय?

ता. क. तिसरा. तू हे पत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. माझी शाळेची प्रगतिपुस्तकंसुद्धा तू अशीच वाचून दाखवायचीस. म्हणून पुढचं त्यांना. भाऊजी, तुम्ही विचारलं होतं श्वास कुठे घेशील. चार महिने झाले, धड घेतलेला नाही. गुरुवारी सातला हातोडी आणि खिळे घेऊन पायरी ठोकायला येतोय. वही बरोबर असेल. वर बोलावलं नाहीत तर तिसऱ्या पायरीपर्यंतच येईन.