साहेबांचा स्वतःविरुद्ध सभात्याग

तीर्थस्वरूप मामांना या नालायक भाच्याचा वाकून नमस्कार.

मामींचा दमा कसा आहे? तुमची तब्येत विचारत नाही. दर आठवड्याला चार पानं शिव्या लिहून पाठवणारा माणूस ठणठणीतच असणार. ओढ्यावरच्या पुलाचं काय झालं, असं पुन्हा विचारलंत. जे झालं ते बसून वाचा.

तुमच्या शाळेतल्या बाकावरचा तो दोस्त, म्हणजे आमचे आमदारसाहेब (तुमच्याच शब्दाखातर त्यांनी मला स्वीय सहायक केलं, याचा मला अजून राग आहे), पंधरा वर्षांत तीन पक्ष फिरले. तिन्ही पक्षांची उपरणी माझ्याच कपाटात घडी करून ठेवलीत. सभागृहात मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुमच्या पुलाचा. दर अधिवेशनाला मी तोच कागद काढायचा, तारीख बदलायची आणि त्यांच्या हातात द्यायचा. हातात येईल ते वाचायचं, ही त्यांची एकमेव शिस्त. एकदा धोब्याची यादी निम्मी वाचून झाली, तेव्हा कुठे ध्यानात आलं. तरी बाकं वाजलीच!

गेल्या महिन्यात नेहमीसारखा प्रश्न दाखल केला, आणि पंधरा दिवसांत साहेब पलीकडच्या बाकांवर जाऊन चक्क रस्ते-पुलांचे मंत्री झाले. (आदल्याच दिवशी त्या सरकारला चोर म्हणाले होते. छापूनही आलं.) यादीतला जुना प्रश्न मागे घ्यायचा राहिला. ते काम माझं होतं. पण मी नव्या दालनाचे पडदे निवडत हिंडत होतो. अध्यक्षांनी नाव पुकारलं, साहेब सवयीने उठले आणि कडाडले, "पंधरा वर्षं हा पूल होत नाही, हे खरं आहे काय? मंत्री झोपा काढतात काय?" अध्यक्ष म्हणाले, "मंत्रिमहोदय, उत्तर द्या." साहेबांनी फाइलमधला दुसरा कागद उचलला आणि तितक्याच जोरात वाचलं, "हे खरं नाही."

मला वाटलं, सुटलो. पण पंधरा वर्षांची सवय हो! उत्तर पटलं नाही की निषेध करून बाहेर पडायचं. साहेब बाहेर पडले. त्यांच्याबरोबर पक्ष बदलून आलेले तिघे आमदारही मागोमाग उठले, कारण त्यांना तेवढंच येतं. उपाहारगृहात चौघांचा चहा आला, तेव्हा कुणाची तरी ट्यूब पेटली. असल्या बैलोबाला तुम्ही लहानपणी गणितं दाखवलीत, मामा. पाप आहे ते!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला दालनात बोलावलं. सगळी चूक माझी असं लिहून द्यायचं, आणि बदल्यात एक काय हवं ते मागायचं. तुमच्या गावची पोरं तीन फळ्यांवरून शाळेत जातात, मागच्या पावसात एक पोरगी वाहून जाता जाता वाचली, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. मी सही केली.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. : काय मागितलं ते लिहायचं राहिलं. पूलच मागणार होतो, देवाशपथ. पण तोंडातून महामंडळाचं अध्यक्षपद निघालं. गाडी मिळते, मामा.

ता. क. २ : गावाने माझा सत्कार करावा, असं साहेबांचं म्हणणं आहे. शंभर माणसं तरी जमवा. मंडप मात्र ओढ्याच्या अलीकडे घाला. तुम्ही सगळे फळ्यांवरून या. माझी काही त्यावर पाय ठेवायची छाती नाही.