पावती दाखवल्याशिवाय घड्याळ मिळणार नाही

तीर्थस्वरूप आत्याला शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? हे आईने विचारलंय. बाबांनी काहीच विचारलेलं नाही, पण मी त्यांच्या दुकानात बसून तुला पत्र लिहायला घेतल्यापासून ते एकच स्क्रू तिसऱ्यांदा पिळताहेत, त्यावरून काय ते समज. (तुम्हा बहीणभावांचा अबोला आता सहा वर्षांचा झाला. या वयात मुलं शाळेत जातात.)

घरातली पहिली पदवीधर होऊन मी काय दिवे लावतेय ते तुला कळावं म्हणून हा प्रपंच. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची जागा या शनिवारी सोडायची आहे. बाबांचं कामाचं टेबल घरी मावेल, पण दुरुस्तीला देऊन वर्षानुवर्षं कोणी न्यायलाच न आलेली तेवीस घड्याळं मावणार नाहीत. बाबा म्हणाले, भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकू. मी म्हणाले, चालती घड्याळं पितळेच्या भावाने जाणार असतील तर माझी पदवीही त्याच तराजूत टाका. मी ती सगळी इंटरनेटवर लिलावाला लावली. माणूस मुळात सचोटीचा असतो, असा माझा विश्वास होता. (हेच वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुण मिळाले होते.)

पहिल्या आठवड्यात सचोटीची सात माणसं बोली जिंकली आणि गायब झाली. एकजण बायकोला विचारून सांगतो म्हणाला, तो अजून विचारतोय. एकाने कळवलं की बोली त्याच्या मांजराने लावली. त्या मांजराने पाच वेळा, दर वेळी चढता आकडा टाकला होता, म्हणजे हिशेबाला ते मालकापेक्षा बरं असावं. तिसऱ्याचं म्हणणं, आधी घड्याळ पाठवा, महिनाभर वेळ बरोबर दाखवली तर पैशांचं बघू. बाबा म्हणाले, तुझ्या सचोटीला किल्ली द्यायची राहिली वाटतं. पण मी हटले नाही. बुडव्यांना मी दिलेल्या शब्दाच्या महत्त्वावर प्रत्येकी दीड पानाचं पत्र धाडलं, उपशीर्षकांसह. तिघांनी पैसे भरले. (त्यातल्या एकाने लिहिलं, पैसे घ्या, पण पत्रं थांबवा.) उरलेल्यांची मी तक्रार केली, त्यांची खाती बंद पाडली आणि त्यांची घड्याळं पुन्हा लावली. असं करत बावीस घड्याळं चांगल्या घरी गेली.

तेविसावं आजोबांचं, पाच फुटी, उभं. तेही लावू का विचारल्यावर बाबा मान वर न करता म्हणाले, मला काय, लाव. त्यावर दोघांचीच चुरस लागली. ‘जुनंखोड’ नावाची व्यक्ती जिंकली आणि पैसे भरेना. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला विचारायचं असतं, तर हा ‘लंबक५८’ही गप्प. पुन्हा लिलाव केला, पुन्हा हेच दोघे. तिसऱ्या वेळी आकडा इतका चढला की तेवढ्यात हे दुकानच विकत आलं असतं. शेवटी मी जुनंखोडाला खडसावलं, तर उलट प्रश्न आला, की चारचे टोले देण्याआधी ते घड्याळ अजून घसा खाकरतं का. आत्या, लिलावाच्या वर्णनात मी घशाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मग लंबक५८ला निरोप धाडला. शेजारच्या टेबलाशी बाबांचा खिसा टिंग वाजला. खात्री करायला परत धाडला. परत टिंग. तिसऱ्या वेळी बाबांनी फोन काढून खणात टाकला आणि भिंग कुठे ठेवलंस म्हणून मलाच विचारलं. भिंग त्यांच्या डोळ्यावर होतं.

मी तुम्हा दोघांचीही तक्रार केली आहे. तुमची खाती आता बंद आहेत. सख्खा बाप आणि सख्खी आत्या म्हणून नियम वाकवायला मी काही शिकलेली नाही, आणि तू रागावलीस तरी हे वाक्य मी खोडणार नाही. ते घड्याळ आजोबांनी त्यांना दिलं, असं बाबा म्हणतात. फक्त दुरुस्तीला दिलं होतं, असं तू म्हणतेस. मी सहा वर्षं दोन्हीकडचं ऐकून घेतलं, आता पुरे. चौथा लिलाव होणार नाही. शनिवारी चार वाजता भंगारवाला येईल.

तुझी, कुणाचंही न ऐकणारी (हा गुण कुणाकडून आला ते दोन्हीकडचे एकमेकांवर ढकलतात),
भाची

ता. क. फोटो काढताना घड्याळाचं पोट उघडलं, तर लंबकामागे दोऱ्याने बांधलेली दुरुस्तीची पावती होती. तुमच्या भांडणानंतरच्या आठवड्यातली, बाबांच्या अक्षरात. ‘मालक: ताई. काम: पूर्ण. मजुरी: घ्यायची नाही.’ मग पोचवलं का नाहीत, असं विचारलं, तर त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘पावती दाखवल्याशिवाय...’ ही पाटी तुला पाठ असेल. तीस वर्षांत त्यांनी कुणाचंच घड्याळ घरी पोचवलेलं नाही. “तिने येऊन मागावं,” एवढंच म्हणाले.

ता. क. २. म्हणून पावती सोबत पाठवते आहे. शनिवारी चारच्या आत ये. मी दिली म्हणून सांगू नकोस, कारण पाकिटात घातल्यापासून बाबा सगळं दुकान उपसताहेत. काय शोधताय विचारलं, तर म्हणतात भिंग. भिंग डोळ्यावरच आहे.