नांगर समुद्राचा, शोध अलीमियाँचा

मी, अक्षया सत्यवान परब, वय ४६, सागरी पुरातत्त्वज्ञ, राहणार मसुरे, ता. मालवण, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पाण्याखाली काम करणाऱ्याने कागद वेळेत करावेत, एवढेच कारण.

१. घरातील माझा हिस्सा व काजूची बाग भाऊ निलेश यास. उत्खननातल्या जुन्या खापरांची माझी पेटी त्याने अंगणातल्या चिखलात ओतली होती. "पाय रुतत होते गो. तेंच्यार काय लिवलेला होता?" पेटीवर चिठ्ठी नव्हती, हे खरे, अर्धा दोष माझा. तरीही अंगणात फरशी घालण्यापूर्वी माती चाळून घ्यावी.

२. बँकेतील ठेव वहिनी सावित्रीस. तिने ती निलेशला न विचारता खर्च करावी.

३. पाण्याखाली उतरण्याचा पोशाख, कॅमेरा व अकरा डायऱ्या विजयदुर्गचे मच्छीमार अलीमियाँ मुकादम यांची नात हुमा हिला. ती पुरातत्त्व शिकते आहे. डायऱ्यांतील खाडाखोड तशीच ठेवावी. मला शंका कुठे आली ते तिला कळेल.

४. विजयदुर्गजवळ सापडलेला जुन्या जहाजाचा दगडी नांगर समुद्रातच राहील. तो माझा नाही. त्याचा शोध माझ्या नावावर आहे, आणि तोही माझा नाही. किल्ल्याचा बुरूज आणि टेकडीवरचे झाड एका रेषेत आणून अलीमियाँनी होडी थांबवली होती. "हयसर जाळा अडाकता," ते म्हणाले, म्हणून मी तिथे उतरले. २०११च्या लेखात मी लिहिले, "आमच्या सर्वेक्षणात आढळले." छापलेले पान दाखवल्यावर त्यांनी विचारले, "ह्याच्यात मी खंय आसंय?" मग तेच हसले, "ऱ्हवांदे बाय. माझा नाव घातलंस म्हणान बांगडो जास्त गावतलो काय?" ते हसणे मी चौदा वर्षे माफी समजत आले.

माझ्या पश्चात हुमाने दुरुस्ती छापून आणावी, असे येथे लिहिले होते. कच्चा मसुदा वाचून ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही शेहेचाळीस, नाना ब्याऐंशी. तुमच्या मरणाची वाट तेंनी बघूची?"

ते वाक्य खोडले आहे. शोध अलीमियाँचा असल्याचे पत्र आज सकाळी संपादकांना रजिस्टर्ड टपालाने गेले. त्याची प्रत मी स्वतः विजयदुर्गला नेऊन त्यांना वाचून दाखवली. या कलमाखाली माझ्यामागे कोणी काही करायचे उरलेले नाही.

सही: अक्षया सत्यवान परब

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली:
१. अलीमियाँ मुकादम, विजयदुर्ग
२. ओंकार राणे, शिक्षक, मसुरे

स्थळ: विजयदुर्ग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५