सोमवारचा टोफू

आये,

तू जाऊन बावीस वर्षं झाली, पण अजूनही बाजारात कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी मासळी घेत नाही. विकणारी म्हणते, "मावशे, आमी काय शिला माल देतो?" आणि ते ऐकूनच मला शंका येते. हे तुझ्याकडून आलं. पनवेलच्या मासळी बाजारात तू जन्मभर बसलीस आणि आपलं नाक आणि आपला अंगठा सोडून कुणावर विश्वास ठेवला नाहीस. मीही तशीच झाले, फक्त मला मासळीपेक्षा माणसांचा संशय जास्त येतो. सध्या तो सुनेचा येतो.

सून घाटावरची, माळकरी घरातली. लग्नाआधीच मुलाने सांगितलं होतं, ती मासे खाणार नाही, पण आपण खाल्लेलं तिला चालेल. चालेल म्हणणाऱ्या माणसाच्या मनात खरं काय असतं ते पुढे कळतं. आल्या आल्या तिने स्वतःची कढई आणि पळी वेगळी मांडली. आमच्या भांड्यांना काय खरूज झालीय का, असं मी मुलाला तिच्या देखत विचारलं. आपल्याही घरी वाराची भांडी वरच्या फळीवर वेगळी असायची, सोमवारी-गुरुवारी कालवणाचा टोप चुलीजवळ फिरकत नसे, हे तेव्हा आठवलं नाही. आठवलं असेल, मी आठवू दिलं नाही.

मग डॉक्टरांनी माझं कोलेस्टेरॉल काढलं आणि हिला निमित्त मिळालं. "आई, सोमवारी तुमचा वार असतो आणि माझं वर्क फ्रॉम होम. मी दोघींसाठी हेल्दी राइस बाउल करत जाईन, थाय स्टाइल." मला वाटलं, झालं, आज सोमवार, उद्या बुधवार, आणि एक दिवस माझ्या स्वयंपाकघरातून म्हावरं हद्दपार. त्यात तो टोफू. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर समज. पांढरी वडी, ना वास ना चव. ज्याला स्वतःचा वासच नाही, ते ताजं की शिळं हे ओळखायचं कसं? ती तो फडक्यात गुंडाळते, वर डाळीचा डबा ठेवून पाणी काढते, मग तुकडे करून चमचाभर तेलात चारी बाजूंनी खरपूस परतते. खाली हातसडीचा भात, बाजूला काकडी, गाजर, भाजलेले शेंगदाणे. नारळाच्या दुधात एक लाल वाटण उकळून ते वर ओतते आणि शेवटी लिंबू पिळते. प्रत्येक पाकीट उलटं करून ती हिरवा ठिपका शोधते, तू कल्ला उचलायचीस तशी. फक्त त्या लाल वाटणाच्या बाटलीवर ठिपका नव्हता. ऑफिसातल्या मैत्रिणीने बँकॉकहून आणलेली ती बाटली, अक्षरं सगळी तिकडची. "ती म्हणाली व्हेज आहे," एवढ्यावर हिने विश्वास ठेवला.

पहिल्या सोमवारी तिने झाकण उघडलं तेव्हा मी बाहेर कोथिंबीर निवडत बसले होते. आधी गवती चहाचा वास आला, मग मिरचीचा, आणि त्यांच्या मागून जवळा आला. सुका जवळा, थोडा आंबवलेला. पहिला विचार हाच की आता सापडली! माझ्या कढईला हात न लावणारी चोरून जवळा खाते, म्हणजे बापाची माळ, ठिपका, सगळं सोंग. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले, म्हणाली, "आई, काय मस्त चव आहे ना? कशाची आहे तेच कळत नाही!" तेव्हा समजलं, हिला खरंच माहीत नाही. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं झालंय," आणि माझ्या वाराच्या दिवशी सगळा बाउल संपवला. असे चार सोमवार गेले. तिच्या आणि माझ्या जिभेला एकच चव आवडत होती, आणि त्यातली गोम फक्त मला ठाऊक होती. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटत होतं.

तुला शाळेतल्या बाई आठवतात? मी सातवीत होते. मुलीला शाळेतून काढू नका म्हणायला त्या पनवेलहून विचुंब्याला, आपल्या घरी आल्या. त्या शाकाहारी, म्हणून तू वाराच्या पातेल्यात डाळ शिजवलीस आणि मला लक्ष ठेवायला बसवलंस. त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात माझी वही उचलून नाकाला पदर लावला होता आणि सगळी पोरं हसली होती, हे मी तुला सांगितलं नव्हतं. बाई भात कालवतात, घास उचलतात, आणि तू दारातूनच हुंगतेस. "बाई, हात थांबवा. या डालीला म्हावऱ्याची पली लागलीय. आमची चूक झाली." तुझं तोंड उतरलेलं मी तेव्हाच पाहिलं. बाईंनी गूळ-केळं खाल्लं, माझी शाळाही चालू राहिली. रात्रीची वाटही न बघता तू मला मागच्या दारी नेऊन विचारलंस, "मुद्दाम केलंस?" मी म्हटलं, "नाय आये, चुकून. तुझी शपथ." तू नुसती बघत राहिलीस. त्यानंतर मरेपर्यंत माझ्या हातचं काहीही तू आधी हुंगल्याशिवाय खाल्लं नाहीस, आणि मी त्याचा राग धरला.

पाचव्या सोमवारी सुनेचे वडील आले. शांत माणूस, गळ्यात तुळशीची माळ. सून हौसेने म्हणाली, "बाबा, आज माझा बाउल खाऊन बघा." नारळाचं दूध कढईत उकळत होतं, तिने दोन चमचे वाटण त्यात सोडलं. मला बाईंचा उचललेला हात दिसला.

"गॅस बंद कर," मी म्हटलं. "त्यात जवळा हाय."

"नाही हो आई, व्हेज आहे ते."

"माझं नाक आहे का नाही?"

तिने बाटलीचा फोटो काढला, फोनने ती अक्षरं वाचून दाखवली. आंबवलेली बारीक कोळंबी, म्हणजे जवळाच. तिचा चेहरा पांढरा पडला. "मी चार वेळा खाल्लंय," ती हळूच म्हणाली, बाहेर बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच. झाकण उघडलंस तेव्हा."

ती तुझ्यासारखीच नुसती बघत राहिली. आता त्या कढईत तिला करवेना, म्हणून मी माळ्यावरून तुझं वाराचं पातेलं काढून दिलं. इतकी वर्षं ते घरात होतं आणि मी तिला कधी दाखवलं नव्हतं. "यात कधी मासळी शिजली नाय," मी म्हटलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, नाकाशी नेलं आणि वास घेतला. मग कुंडीतला गवती चहा, आलं, लाल मिरची वाटून नवं वाटण केलं. तिचे वडील पोटभर जेवले. मला मात्र त्या बाउलात काहीतरी कमी वाटलं.

हे पत्र त्या पातेल्यातच ठेवून देणार होते, पण ते आता रोज वापरात आहे, तिच्या हाती लागेल. म्हणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. ती हल्ली मी दिलेलं काहीही आधी हुंगून बघते, आणि मला तिला बोलायला तोंड नाही. पहिल्याच सोमवारी कळलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आणि डाळीत ती पळी, आये, मी मुद्दाम घातली होती.