दोन रिकामे कप्पे

रविवार, २ फेब्रुवारी

आईने आज पुन्हा माझे केस हुंगले! बाबांकडून आले की दारातच, नाक खुपसून. हा कुठला शाम्पू म्हणे. पाहुणीचा, म्हटलं. झालं! कपाळाला आठ्या, मग मुळुमुळु रडणं, आणि रडता रडता माझीच उष्टी कॉफी पिऊन टाकली. ईऽऽ.

पाहुणी म्हणजे बाबांच्या घरी गेल्या वर्षापासून राहणारी बाई. नाव आईनेच ठेवलंय. "पाहुणी किती दिवस टिकते बघू," असं मावशीला फोनवर सांगत असते. हळू आवाजात, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्याच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुढच्या गुरुवारी न्यायाधीशबाई मला एकटीला आत बोलावणार. आईकडे राहायचं की बाबांकडे? घटस्फोट यांनी घ्यायचा आणि निकाल मी लावायचा. वा रे वा!

आई म्हणते, तुझ्या मनात असेल तेच सांग – आणि लगेच डोळ्यांना ओढणी. बाबा म्हणतात, तुझी मर्जी, बाळा. बाळा! मी खरंच बाळ होते तेव्हा कधी म्हटल्याचं आठवत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आईने माझी खोली पिवळी रंगवून घेतली. सरप्राइज.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाबांनीही. पिवळीच! खोलीला कावीळ झाल्यासारखी. पहिलीत असताना मला पिवळा आवडायचा, दोघांच्या लक्षात तेवढंच राहिलंय. एरवी यांचं कशावर म्हणून एकमत झालं नाही!

पाहुणी दारात येऊन भिंतीकडे बघत राहिली. तुला कुणी विचारलं होतं का, म्हणाली. नाही म्हटलं. "वाटलंच," म्हणाली आणि गेली.

तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. बाथरूमच्या टाइल्सना तिचे ओले केस चिकटलेले असतात, सूप भुरके मारत पिते. पण बाबांपुढे ती परवडली. बाबा दुकानातल्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने कान कोरतात आणि त्यानेच गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी आवळतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शिसारी येते नुसती.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाबांनी हॉटेलात नेऊन आग्रह करकरून खायला घातलं. नको म्हटलं तरी वाढतच होते. परत येताना गाडीत पोटात ढवळायला लागलं. बाबा एकच धोशा लावून – सीटवर नको, सीटवर नको. पाहुणी माझ्याशेजारी होती. तिने चक्क दोन्ही हातांची ओंजळ माझ्या तोंडाखाली धरली. सगळं तिच्या हातात! तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"होऊ दे," म्हणाली. "हात धुता येतात."

मला रडू आलं. आईसमोर येत नाही, बाबांसमोर येत नाही, आलं ते हिच्यासमोर! स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन कपडे बदलायला माझ्या खोलीतलं कपाट उघडलं. एरवी ते पाहुणीच्याच कपड्यांनी भरलेलं असतं, आज तिचे दोन कप्पे रिकामे. हे माझ्यासाठी का, असं बाबांना विचारलं. "ठेव की," म्हणाले. म्हणजे तिने स्वतःचे कपडे हलवून मला जागा केली, आणि कुठे बोललीही नाही. आईने खोली रंगवली तर अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं. बाबांकडे.

न्यायाधीशबाईंनी कारण विचारलं. तिथे मला कुणी हुंगत नाही, म्हटलं. पाहुणीचं नाव काढलं नाही. आईच्या कानावर गेलं असतं तर?

बाहेर आल्यावर आई रडली नाही. माझी वेणी सुटली होती, ती नीट बांधून दिली. या वेळी हुंगलंसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मी बॅगा घेऊन जिना चढत होते, पाहुणी तिच्या बॅगा घेऊन उतरत होती. गावाला का, म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे बाबांकडे.

"मी जाणार हे महिन्यापूर्वीच ठरलंय. हिला सांगितलं नाहीस तू?"

बाबा चष्मा पुसत राहिले.

आता अख्खं कपाट रिकामं आहे. बाबा म्हणतात, सगळं तुझंच, बाळा.