बरडावरची पाटी

प्रिय गोपाल,

तब्येतपाणी मागून विचारीन, आधी माझा राग ऐकून घे. आपल्या आंजी गावच्या बरडावर, त्या मुरमाड माळावर, तू जी पाटी ठोकून गेलास, 'बापूजी स्मृतिवन', ती मी काल उपटून घरी आणली. तुझे भाऊजी लोखंडी सब्बल हातात घेऊन उभे, अन् लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, हेच चालू. मी म्हटलं, तुम्ही फक्त पाया मोकळा करा, लोकांचं मी पाहते. आता ती पाटी वासराच्या कोठ्याले आडवी लावली आहे.

तुझ्या कंपनीनं जेसीबी पाठवला, फोटो काढले, अन् तू भाषण ठोकलंस का ही ओसाड जागा हिरवी करून बाबांचं नाव राखू. ओसाड? अरे शहाण्या, तू दरवर्षी मे महिन्यात येतोस म्हणून तुले ती ओसाड दिसते! पोळ्याले येऊन पाह्य, कमरेएवढं गवत असते. त्या गवतात ससे, तुम्ही शहरवाले नीलगाय म्हणता ते रोही, डुकराची पिल्लं, अन् त्यांच्या मागं लांडगे. नाल्याच्या काठाले त्यांची बिळं आहेत, तुले माहीत नाई का? बाबांच्या तुरीत रोह्यांचे कळप घुसत नव्हते, ते काय कुंपणामुळं?

तुले चिंगी आठवते? तुझी पांढऱ्या कपाळाची लाडकी पाठ, ती कोवळी बकरी. लांडग्यानं तिले बांधावर मारलं तेव्हा तू मातीत लोळून रडला होता. मी काठी घेऊन धावली, तर बाबांनी माझं मनगटच धरलं. त्यानं मारलं ते त्याले खाऊ द्या, असं ते म्हणत. तोंडातून ओढलं का तो उपाशी जाते अन् दुसरी मारते. अख्खं गाव ही रीत पाळत होतं. तू मात्र कित्येक दिवस बाबांशी बोलला नाईस. कधी कधी वाटते, अजून चिंगीचाच राग काढून राह्यला का काय!

आता तुझ्या वनाची करामत ऐक. अर्धा बरड खणून झाला. ससे गेले, रोही शेतात शिरले, अन् पिल्लांवाली लांडगी गावाकडं वळली. आपल्या शेजारच्या तानाबाईची बकरी तिनं धरली. गावातल्या सचिननं अन् त्याच्या दोस्तांनी लांडगीले दगड मारून ती मेलेली बकरी ओढून आणली, वरून मोबाइलवर शूटिंग. दुसऱ्याच दिवशी लांडगी परत आली अन् तानाबाईची दुसरी बकरी गेली. आता पोरं म्हणतात, पुढच्या बकरीत विष भरून ठेवू. मी माझ्या कोठ्यातली एक बकरी नेऊन तानाबाईच्या दाराशी बांधली, तेव्हा कुठं ती विष नको म्हणाली. पण पोरं ऐकून राह्यली नाईत. लांडगी काय हौसेनं दारात आली का? तिचा बरड माझ्याच भावानं खोदला!

फोनवर तुले हे सांगाले गेली, तर तू म्हणालास, ताई, भावनिक होऊ नको, झाडं लावण्यात वाईट काय. अन् फोन ठेवला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. झाडंच लावायची तर शाळेच्या मैदानाच्या कडेनं लाव, रस्त्यानं लाव, कोण अडवते? बाबांनी जिथं जन्मभर कुदळ लागू दिली नाई, तिथंच त्यांच्या नावानं खड्डे काऊन?

सोमवारी ग्रामसभा आहे. नाल्यापर्यंतचा उरलेला बरडही वनाले द्यावा, हा तुझा ठराव तिथं येणार. तो पास झाला का बिळंही गेली अन् पिल्लंही. गावात बोलणं चालू आहे का बापूजींच्या नावाले विरोध कराची हिंमत कोणाची. माझी आहे. पहिला हात माझाच वर जाईल. बापूजींची पोरगी त्यांच्या वनाविरुद्ध उभी राहिली, हे तुले परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. सोमवारी येजो. ठराव मागं घेतलास तर पुरण घालीन. नाई घेतलास तरी उपाशी जाऊ नको, जेवून जाजो. पण हात माझा वरच राहील.

तुझीच, अन् बाबांचीही,
ताई