सीटवरची वाकळ

आबा, आईशी भांडून आठ दिवस झाले, पण तिच्यापेक्षा जास्त राग मला तुमचा येतोय. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आता तुमच्यावर चिडून काय मिळणार हे मलाही कळतं. तरी चिडले आहे. तुम्ही असता तर तुमच्या पुढ्यात बसून तावातावानं बोलले असते, तुम्ही तंबाखू मळत "व्हय व्हय, बोल" म्हणत राहिला असता आणि माझा अर्धा राग तिथंच उतरला असता. ते आता होणे नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला आधी भांडण जिच्यावरून झालं ती सीट काय आहे ते सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी आपल्याकडं कुणी पाहिलीच नव्हती. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. तिच्यासाठी गाडीत मागच्या बाजूला एक छोटी खुर्ची बसवली आहे. ती गाडीच्या पट्ट्यानं जखडायची आणि पोरीला खुर्चीच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधायचं. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून, आणि सगळे एका बकलात. तिचं तोंड मागच्या काचेकडं. लहान मुलाचं डोकं जड आणि मान कच्ची असते, गाडी कचकन थांबली तर डोकं, मान आणि पाठ खुर्चीनं एकदम झेलायला हवी. मी राजारामपुरीतल्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांच्या माना आणि पाठी हाताळते. अपघातातून आलेली मान कशी असते हे मला माहीत आहे, त्यामुळं मला हे कुणी पटवून द्यावं लागलं नाही. बाकी सगळ्यांना मात्र पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस आला. सासूबाई म्हणतात, पोरीला जनावरागत बांधून घातलीया. पेट्रोल पंपावरचा माणूस आत डोकावून विचारतो, "ताई, पोरगीला काय झालंय? ऑपरेशन का?" एका लग्नाला निघालो तर नवऱ्याच्या आत्यानं ती खुर्ची काढून डिकीत टाकायला सांगितली, कारण त्या जागेत दोन माणसं बसली असती. मी नाही म्हटलं तर त्या लग्नात माझ्याशी बोलल्याच नाहीत.

आणि आई. आईला मी निदान बारा वेळा सांगितलं असेल. तिचं एकच. "मांडीवर दे की. मांडीवरनं कुठं जातीया ती? आनि उलटं तोंड करून बसवतीस ते काय? आईचं तोंड दिसाय नगो व्हय पोरीला?" मी रागावले की हसायची आणि म्हणायची, "तुमाला काय झालं? तुमच्या आबांनी धरलंच होतं की तुमाला." इथंच तुम्ही मधे येता, आबा. दर वेळी येता.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, मी पोरीला घेऊन कोडोलीला गेले होते. नवऱ्याला ड्युटी होती, म्हणून गाडी मीच चालवत होते. दुपारी निघताना मी डिकीत तुपाचा डबा, भाजीची पिशवी, शेंगा असं सामान भरत होते, तेव्हा आई म्हणाली, "तू ठेव सामान, पोरीला मी बसवते." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, शेवटी शिकली. मी येऊन बकल ओढून पाहिलं, लागलेलं होतं, वर आईनं शाल गुंडाळली होती, मी दार लावलं आणि निघाले. वाघबीळ ओलांडल्यावर उतारावर पुढं उसाची ट्रॉली चालली होती, ती अचानक थांबली. मी ब्रेक मारला. गाडी थांबली, ट्रॉलीच्या मागं हातभर अंतर राहिलं. पण मागून खुर्ची वाजली आणि पोरगी किंचाळली. गाडी कडेला घेऊन मागचं दार उघडलं तर खुर्ची माझ्या सीटच्या पाठीवर तिरकी येऊन टेकलेली, पोरीचे दोन्ही हात पट्ट्यांच्या बाहेर, आणि ती अर्धी वर सरकलेली. शाल काढली तर तिच्या पाठीमागं आणि खाली आईनं वाकळ घातलेली. आजीच्या लुगड्यांची गोधडी, जाड, चार घड्या करून. वाकळीवरून पट्टे घट्ट वाटत होते. वाकळ दबली तशी आत माझी मूठ जाईल एवढी जागा झाली होती.

पोरीला काही लागलं नव्हतं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून आईला फोन लावला. म्हटलं, आई, तू वाकळ घातलीस? ती म्हणाली, "व्हय. टोचतंय की गं तिला ते. कसलं दगडागत हाय. म्हनून घातली. का, काय झालं?" मग मी जे सुटले ते सुटलेच. मी म्हटलं, किती वेळा सांगितलं, त्यात पोरीशिवाय काही घालायचं नाही, जाड स्वेटरसुद्धा नाही, तुला कळत नाही का, तुझ्यामुळं आज पोरगी गेली असती. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आबांनी बी मांडीवरच..." आणि मी तिला पुढं बोलू दिलं नाही. मी ओरडले, "आबांनी धरलं होतं? मग तुझ्या लेकाच्या कपाळावर टाके कसे पडले?" आणि मी फोन ठेवला.

तुम्हाला ते टाके आठवत असणारच. मी सहावीत होते. त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही मला शिरोलीला तुमच्या कारखान्यात नेलं होतं. मशीनला झेंडूचे हार, हळदकुंकू, सगळ्यांची बायकापोरं नटून आलेली. तुमच्या ड्रिल मशीनवर एक लोखंडी तुकडा शिकंज्यात धरलेला होता आणि तुम्ही मला म्हणालात, "आवळ." मी दोन्ही हातांनी लोंबकळून आवळला आणि ऐटीत सांगितलं, झाला घट्ट. तुम्ही तळहातानं त्याला एक धक्का दिलात, तो सरकला. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर डाफरलात. "घट्ट वाटतंय आनि घट्ट हाय, ह्यात फरक हाय. मशीन चालू असती तर ह्यो तुकडा तुझ्या थोबाडावर आला असता. हातावर कदी इस्वास ठेवायचा न्हाय, हलवून बघायचं." तुमचे मित्र हसले. मी रडले, मग तुम्ही मला दोन पेढे दिलेत. नवा फ्रॉक घालून आले होते आणि त्या सणाचं मला तुमचं ओरडणंच आठवतं.

आणि मग एक महिना गेला असेल नसेल, दिवाळीनंतर आपण माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमधून कोल्हापूरला निघालो आहोत. तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी, धाकटा भाऊ तुमच्या मांडीवर, अडीच वर्षांचा. मी आणि आई मागं. मी दोन सीटच्या मधून डोकं पुढं घालून बसले आहे, म्हणून मला सगळं दिसतंय. म्हैस आडवी येते. ड्रायव्हर ब्रेक मारतो. भाऊ समोरच्या पत्र्यावर आपटतो. मला आठवतात ते तुमचे हात. तसेच एकमेकांत गुंतवलेले, छातीशी घट्ट, आणि मधे कुणी नाही. भाऊ खाली तुमच्या पायांत पडला आहे आणि तुम्ही अजून त्याला धरून बसला आहात.

आईला हे दिसलं नाही. माझ्या डोक्याआड होतं तिला. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही घरी, भावकीत, लग्नाकार्यात, सगळीकडं एकच सांगितलंत, "मी धरला हुता म्हनून वाचला." आईनं ते आजवर जपलं. तिच्या लेखी तिच्या नवऱ्याच्या हातात त्या दिवशी तेवढी ताकद होती. पण तुम्हाला माहीत होतं, आबा. मी पाहत होते ना. त्यानंतर तुम्ही भावाला घेऊन वडापमध्ये कधी पुढं बसला नाहीत. ड्रायव्हर पुढं बोलवायचा, तुम्ही म्हणायचात, पुढं ऊन लागतंय. पावसाळ्यातसुद्धा. कारखान्यात हातावर विश्वास ठेवू नको म्हणून मला रडवलंत, आणि घरी एकदाही म्हणाला नाहीत की माझ्या हातात पोरगं राहिलं नाही. एकदाच म्हणायचं होतं. तुम्ही आईला सांगितलं असतं तर आज मला बारा वेळा सांगावं लागलं नसतं. तिनं माझं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं असतं. हा माझा राग आहे आणि तो मला रास्त वाटत होता.

वाटत होता, असंच म्हणायला हवं. मंगळवारी मी गाडीशी बसून खुर्चीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. पुण्याला भावाला फोटो पाठवायचा होता, की बघ, खाली काही घालायचं नाही असं छापलंय, आता तूच आईला समजाव. ते पान सापडलं. त्याच्या समोरच्या पानावर गाडीचा पट्टा कुठून ओवायचा त्याचं चित्र होतं. तोंड मागं असेल तर निळ्या खुणेच्या खाचेतून, तोंड पुढं असेल तर लाल खुणेच्या. माझा पट्टा लालमधून गेला होता. खुर्ची मीच बसवली होती. मोबाईलवर व्हिडिओ लावून, क्लिनिकला उशीर होत होता म्हणून घाईत. मी खुर्ची धरून ओढली तर ती वीतभर सरकत आली. दहा महिने पोरगी तशीच हिंडते आहे. वाकळीनं तिचे हात पट्ट्यांच्या बाहेर आले, ते खरंच. पण ती खुर्ची माझ्या सीटच्या पाठीवर येऊन आदळली, त्याच्याशी वाकळीचा काही संबंध नव्हता. मी पट्टा काढला, निळ्या खुणेतून ओवला, गुडघा रोवून घट्ट केला, दहादा हलवून पाहिला. भावाला फोटो पाठवला नाही.

काल, रविवारी, परत कोडोलीला गेले. आईला सांगायचं ठरवूनच गेले होते. जेवताना सांगणार होते, मग चहाच्या वेळी सांगणार होते. निघताना मी पोरीला गाडीशी आणलं तर आई चार पावलं लांब उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. पोरगी तिच्याकडं झेपावत होती. मी म्हटलं, ये की, तू बांध. ती म्हणाली, "नगो बाई. तूच बांध. माझं काय तरी चुकंल." मी पट्टे लावले. ती काचेतून बघत होती. मग हळूच म्हणाली, "माझ्यामुळं पोरीला काय झालं असतं तर मी कुठं तोंड दाखिवलं असतं गं?" आबा, त्या वेळी आजूबाजूला कुणी नव्हतं. पट्टा मीच चुकीचा ओवला होता, एवढं नुसतं बोलायचं होतं.

मी म्हटलं, "जाऊ दे, आई." माफ केल्यासारखं.